नोरीन ब्लँचर्डचा दावा

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या मासळी बंदरामागच्या कारखान्यात मी एकोणतीस वर्षं काढली, त्यातली चौदा युनियनचा प्रतिनिधी म्हणून. त्या चौदा वर्षांत बोटं तुटलेली, पाय भाजलेली, पाठ धरलेली अशी किती माणसं माझ्यापाशी आली असतील याचा हिशोब नाही. बहुतेकांची नावं आता आठवावी लागतात. नोरीन ब्लँचर्डचं नाव आठवावं लागत नाही.

उंच, हाडकुळी, डावखुरी बाई. सोळाव्या वर्षी आईच्या शेजारी मासे कापायच्या ओट्याशी उभी राहिली आणि चाळीस वर्षं तिथेच होती. हॅडॉक मासा तिच्या हातात आला की तीन चिरा, बस. काटा एकीकडे, मांस दुसरीकडे. आमच्यातले चावट म्हणायचे, नोरीनला बघून मासा आपणहून कपडे काढतो. नव्या पोरींना मुकादम मुद्दाम तिच्या शेजारी उभं करायचा. ती शिकवायची म्हणजे एवढंच म्हणायची, “बघ.” मग पोरगी बघायची.

तिच्या तोंडात दोनच शब्द असायचे. “जमेल” आणि “बरी आहे”. तिचा नवरा रे अचानक गेला, हृदयविकाराने. चौथ्या दिवशी नोरीन कामावर हजर. मी विचारलं, “कशी आहेस?” म्हणाली, “बरी आहे. तू तुझ्या सुरीला धार लावून घे, बोथट झालीय.”

बर्फाच्या यंत्रापाशी जमिनीत एक गटार होतं. वसंतापासून ते तुंबलेलं. बर्फाचं पाणी आणि माशाची चरबी सगळ्या फरशीवर पसरायची. त्याबद्दल मी नोंदवहीत सहा वेळा लिहिलं, तारखेसकट. मॅनेजर प्रत्येक वेळी सही करायचा आणि म्हणायचा, “लेन, पुढच्या आठवड्यात नक्की.”

२०१६ च्या नोव्हेंबरातला मंगळवार. सकाळचे पावणेसात. नोरीन बर्फाचा टब घेऊन येत होती. मी वीसेक पावलांवर होतो. किंचाळी वगैरे ऐकू आली नाही, टब आपटल्याचा आवाज तेवढा आला. मी पोचलो तेव्हा ती पोलादी कुंडाच्या कडेला टेकून उठायला बघत होती आणि “जमेल, जमेल,” म्हणत होती. डावा हात दुसऱ्याच कोणाचा असावा तसा लोंबत होता.

खांद्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. आठ महिन्यांनी सुरी हातात धरली, तर पंधरा मिनिटांत तिच्या ओठांचा रंग गेला. कंपनीने तिला खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं, आणि पुढे एक पत्र दिलं की तुमच्याजोगं काम आता आमच्याकडे नाही. चाळीस वर्षांचा निरोप दीड पानात.

“दावा लाव,” मी म्हणालो.

“कोर्टात? कोणाच्या दारात हात पसरायला मी कधी गेले नाही, लेन.”

“पसरायचा नाहीये. हात गेलाय, त्याचं मागायचंय.”

तिला पटायला दोन महिने लागले. पटवलं मी. हे मी मुद्दाम सांगतोय.

वकील बाई, मिस थोरोल्ड, तिशीतली, हुशार. खटला जिंकला तरच फी घेणार होती. नोंदवहीतल्या माझ्या सहा नोंदी बघून तिचे डोळे चमकले. “गटार त्यांना माहीत होतं, तरी दुरुस्त केलं नाही. चूक त्यांची, यात वाद नाही. वाद होईल तो तुमच्या खांद्यावर. किती बिघडलाय, काय होतं, काय होत नाही.” मग ती पुढे वाकली. “मिसेस ब्लँचर्ड, एक गोष्ट. प्रत्येक कागदाखाली तुम्ही सही कराल, की यात लिहिलेलं सगळं खरं आहे. लोकांना वाटतं, त्या ओळीकडे कोणी बघत नाही. ते बघतात.”

नोरीनने मान हलवली. मीही हलवली.

मे महिन्यात लिंकन शहरात एका हाडांच्या डॉक्टरकडे तपासणी होती. तो ना तिचा, ना कंपनीचा. तो बघणार आणि कोर्टासाठी लिहून देणार. माझ्या गाडीतून मी तिला घेऊन गेलो. आणि त्या रस्त्यावर मी तिला जे बोललो, ते आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

मी म्हणालो, “नोरीन, तुझी खोड मला माहीत आहे. तो विचारेल कशा आहात, तू म्हणशील बरी आहे. मग तो लिहील बरी आहे, आणि झालं. सगळ्यात वाईट दिवस आठव आणि त्या दिवसाचं सांग.”

“बरं.”

“आणि बागेचं विचारलं तर सोडली म्हण.”

नगरपालिकेकडून भाड्याने मिळालेला, भाजी लावायचा जमिनीचा एक तुकडा होता तिच्याकडे, रेल्वेच्या बांधापलीकडे. रे असताना दोघं करायची. आता बरा दिवस असेल तेव्हा ती एकटी जायची, थोडंफार करायची आणि पुढचे दोन दिवस हात बांधून बसायची.

“सोडलेली नाहीये पण,” ती म्हणाली.

“अर्ध्याहून जास्त सोडलीच आहेस ना? त्याला एवढं सगळं समजावत बसणार आहेस का? तो एक ओळ लिहिणार, बाई. ती ओळ बरोबर लिहू दे.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. परतताना मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, “तू सांगितलंस तेच.”

डॉक्टरने लिहिलं: रुग्ण बागकाम पूर्णपणे सोडून द्यावं लागल्याचं सांगते. मिस थोरोल्डने तेच दाव्यात उतरवलं. शिवाय बागेसाठी, घरातल्या जड कामांसाठी माणूस ठेवावा लागेल, त्याची रक्कमही घातली. नोरीनने खाली सही केली. उजव्या हाताने, कारण डावा थरथरायचा.

ऑगस्टात तिच्या दारी फुलं आली. चांगला मोठा गुच्छ, चिठ्ठी नाही. आणणारा माणूस हसतमुख. “मिसेस ब्लँचर्ड तुम्हीच ना?” ती हो म्हणाली, तेवढ्यावर तो गेला. नोरीनला वाटलं, कारखान्यातल्या पोरींनी पाठवली असतील. पोरी म्हणाल्या, आम्ही नाही.

त्याच आठवड्यात नोरीनच्या गल्लीतल्या छोट्या चर्चसमोर एक करडी गाडी उभी राहायला लागली. सकाळी असायची, दुपारी नसायची. कधी शुक्रवारी, कधी थेट पुढच्या सोमवारी. मी नोरीनकडे मासा द्यायला गेलो तेव्हा माझ्याही नजरेला पडली. आत एक माणूस वर्तमानपत्र घेऊन बसलेला. मी अर्धा तास आत बसून बाहेर आलो, तरी पान तेच.

नोरीन म्हणाली, “पोलीस असेल. कोपऱ्यावरचा पोरगा गांजा विकतो म्हणतात.”

“असेल,” मी म्हणालो.

बागेच्या फाटकापाशीही एकाने चौकशी केली, इथे एखादा तुकडा भाड्याने मिळेल का, आणि तो कडेचा कोणाचा, छान ठेवलाय. तिथल्या म्हाताऱ्याने कौतुकाने नोरीनचं नाव सांगितलं. कौतुकानेच. असं सगळं गोडीगुलाबीत चाललेलं होतं. नंतर मला वाटायचं, कोणी दगड मारला असता, शिवी दिली असती, तर आम्ही सावध झालो असतो.

खटल्याला सहा आठवडे उरले होते तेव्हा मिस थोरोल्डचा फोन आला. दोघंही या म्हणाली. तिने चहा विचारला नाही. कंपनीच्या विमावाल्यांच्या माणसाने काढलेली फिल्म आहे, म्हणाली आणि संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

पडद्यावर नोरीन होती. निळा कोट, हातात फावड्यासारखं दाताळं. ती बटाटे काढत होती. दाताळ्यावर पाय देऊन जमिनीत घुसवत होती, दोन्ही हातांनी उलथत होती. मग बादली उचलली. डाव्या हाताने. चार पावलं चालली, ठेवली, पुन्हा आली. कोपऱ्यात तारीख आणि वेळ पळत होती. बारा मिनिटं. मध्ये एकदा तिने मान वर केली आणि नेमकी आमच्याकडे बघितली. म्हणजे त्या माणसाकडे, झुडपात कुठेतरी जो होता त्याच्याकडे. तिला काही दिसलं नव्हतं.

नोरीनच बोलली. “तो शनिवार होता. रविवारी मला पेला धरता येत नव्हता. ते कुठेय?”

“ते त्यांनी दिलेलं नाही,” मिस थोरोल्ड म्हणाली. “आणि खरं सांगायचं तर, तो प्रश्नच नाही. हात दुखतो की नाही, हा प्रश्न राहिलेला नाही. तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत की बाग सोडली. का सांगितलंत?”

मी जमिनीकडे बघितलं. नोरीनने माझ्याकडे बघितलं नाही. तिने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

मग मिस थोरोल्डने कायदा समजावला, अगदी लहान मुलाला समजावावा तसा. पूर्वी खोटं आणि खरं वेगळं काढायचे, खऱ्याचे पैसे द्यायचे. आता तसं नाही. दाव्याच्या मुळाशी खोटेपणा आहे असं न्यायाधीशाला वाटलं, तर खरा भागही जातो. दावाच फेटाळला जातो. एरवी हरलेल्या जखमी माणसाला समोरच्याचा खर्च भरावा लागत नाही, पण अशा वेळी तोही भरावा लागतो. “त्यांनी एक तोड सुचवलीय,” ती म्हणाली. “आज दावा मागे घ्या. ज्याचा खर्च त्याने सोसायचा. पुढे कोणी काही बोलणार नाही. माझा सल्ला आहे, घ्या.”

नोरीन म्हणाली, “म्हणजे मी पडलेच नाही असं होईल.”

“तसं कुठेही लिहिलं जाणार नाही.”

“लिहिलं नाही तरी तसंच होईल. सगळे म्हणतील, फिल्म दाखवली आणि पळाली. मी पडले. तिथे पाणी होतं. ते न्यायाधीशाला ऐकू दे, मग बागेचं काय ते मी सांगेन.”

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मला तोंड होतं, चौदा वर्षं दुसऱ्यांसाठी उघडलेलं. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, “नोरीन, मी त्यांना सांगतो, मीच म्हणालो होतो तुला.”

ती कोटाची बटणं एका हाताने लावत होती. “तुला अजून तीन वर्षं आहेत निवृत्तीला. आणि तू बोललास, पण जीभ माझी होती. गप्प बस.”

मी गप्प बसलो. ते मला किती सोपं गेलं, हे सांगायची लाज वाटते.

आमच्याकडचं दिवाणी कोर्ट बघून कोणाला धडकी भरणार नाही. खुर्च्या, गालिचा, पाण्याचा जग. ज्यूरी नाही, पिंजरा नाही. न्यायाधीश एकटा, साठीचा, मृदू आवाजाचा. त्या मृदूपणाचीच मला भीती वाटत होती.

नोरीनने शपथ घेतली. कंपनीच्या विमावाल्यांचा वकील उठला. उंच, सभ्य, एकदाही आवाज चढवला नाही. पडण्याबद्दल, गटाराबद्दल त्याने फारसं विचारलंच नाही. फिल्म लावली. बारा मिनिटं सगळं कोर्ट तिला बटाटे काढताना बघत होतं, आणि तीही.

“मिसेस ब्लँचर्ड, या तुम्हीच ना?”

“मीच.”

“डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत की बागकाम पूर्ण सोडलंय. तेव्हा ते खरं होतं?”

“नाही.”

“म्हणजे खोटं होतं.”

“हो.”

कोर्टात आमच्या बाजूने उभं राहायला मिस थोरोल्डने आणलेल्या वकिलाची लेखणी थांबली. त्याने तिला शिकवलं होतं की म्हणा, माझ्या बोलण्याचा अर्थ वेगळा होता. पण ती नोरीन होती. चिरा तीनच.

“का सांगितलंत?”

“आयुष्यभर मला लोक विचारत आले, जमेल का, आणि मी जमेल म्हणत आले. जमत नसलं तरी. तेही खोटंच होतं, त्याबद्दल कोणी कोर्टात नेलं नाही. या वेळी उलटं बोलले. नीट बोलता आलं नाही.”

न्यायाधीशाने लिहिता लिहिता वर बघितलं. क्षणभर मला आशा वाटली.

“असं सांगा म्हणून कोणी सुचवलं होतं?” वकिलाने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “कोणी नाही.”

त्यानंतर मी. हात बायबलवर. पाणी, चरबी, सहा नोंदी, तारखा. माझी साक्ष चांगली झाली असं सगळे नंतर म्हणाले. बसायच्या आधी त्या सभ्य माणसाने सहज विचारावं तसं विचारलं, “मिस्टर ड्रूरी, लिंकनला त्यांना तुम्हीच नेलं होतं. डॉक्टरांना काय सांगायचं, यावर वाटेत काही बोलणं झालं?”

नोरीन समोर बसली होती, उजव्या हाताने डावं कोपर धरून. तिने मान किंचितही हलवली नाही.

“नाही,” मी म्हणालो. “हवापाण्याच्या गप्पा.”

निकाल त्याच दुपारी आला. न्यायाधीश चाळीस मिनिटं बोलला. गटार तुंबलेलं होतं, कंपनीला माहीत होतं, चूक कंपनीची. मिसेस ब्लँचर्ड पडल्या, खांदा खरंच जायबंदी झाला, सुरीचं काम त्या पुन्हा कधीही करू शकणार नाहीत. हे सगळं शाबीत. मला वाटलं, जिंकलो. मग तो म्हणाला, कायद्याप्रमाणे त्यांना किती भरपाई मिळाली असती हे मला नोंदवावं लागतं. आणि त्याने आकडा वाचला. एकतीस हजार चारशे पौंड. थांबला, चष्मा काढला. परंतु तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी जाणूनबुजून खोटं सांगितलं, त्या खोट्यावर दाव्याचा मोठा भाग उभा केला, आणि सत्यतेची सही केली. त्यांनी इथे प्रांजळपणे कबुली दिली, पण ती फिल्म दाखवल्यानंतर. दावा संपूर्ण फेटाळण्यात येत आहे.

म्हणजे आकडा वाचला होता तो फक्त खर्चातून वजा करायला. समोरच्यांचा खर्च त्याहून जास्त होता. वरचे अकरा हजार नोरीनने भरायचे.

माझ्या साक्षीबद्दल त्याने एक वाक्य म्हटलं. मिस्टर ड्रूरी हे सरळ आणि विश्वासार्ह साक्षीदार वाटले.

बाहेर जिन्यात विमावाल्यांचा वकील मिस थोरोल्डशी दोन मिनिटं बोलला. ती परत आली तेव्हा चेहरा उतरलेला. “त्यांचे अशील आणखी एका गोष्टीचा विचार करताहेत. खोट्यावर सही केली म्हणून कोर्टाचा अवमान. त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. दर वेळी काढतात असं नाही.”

“काढली तर?” नोरीनने विचारलं.

“तुरुंग होऊ शकतो. काही महिने. शक्यता कमी आहे.”

“कधी कळेल?”

“पत्र येईल. तुम्हाला थेट येईल.”

घर विकायला लागलं. ते तसंही एकटीला मोठंच होतं, असं ती म्हणायची. लाउथला तिची बहीण राहते, तिच्या घरामागच्या दोन खोल्यांत नोरीन गेली. तिथल्या शाळेत दुपारचं जेवण वाढायला लागली, उजव्या हाताने. मुलं तिला घाबरतात आणि तिच्याच रांगेत उभी राहतात, असं बहीण सांगते. पहिलं वर्षभर तिने दाराशी एक लहान बॅग भरून ठेवली होती. दात घासायचा ब्रश, गोळ्या, दोन स्वेटर. बहिणीने ती एकदा उचलून कपाटात ठेवली, तर नोरीन तिच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मी दर महिन्याला जातो. एकदा न राहवून म्हणालो, “मी अजूनही जाऊन सांगू शकतो. मी शपथेवर खोटं बोललो. तुझं खोटं तर तू कबूल केलंस.”

“मग काय होईल?”

“निदान खरं काय ते बाहेर येईल.”

“माझ्यासाठी सांगतोयस की तुला झोप लागत नाही म्हणून?” ती शांतपणे म्हणाली. मी कपात चमचा ढवळत राहिलो. “मग राहू दे. एकटी वाट बघतेय, ते पुरे आहे. दोघंही बघायला लागलो तर मला तुझीही काळजी.”

मिस थोरोल्डला मी फोन करून विचारलं, याला काही मुदत असते की नाही. ती म्हणाली, फार उशीर केला तर कोर्ट नाराज होतं, पण अमुक दिवशी संपलं असं सांगता येत नाही. तिच्या आवाजावरून वाटलं, ती नोरीनला विसरत चाललीय. तिचंही बरोबर आहे, अशी कितीतरी माणसं येत असतील.

आता चार वर्षं झाली. पत्र आलेलं नाही. येणार नाही असंही कोणी कळवलेलं नाही.

गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा आम्ही चहा घेत बसलो होतो. मी तिला कारखान्याचं, तिथल्या पोरींकडून ऐकलेलं, सांगत होतो, पोलंडहून आलेली एक पोरगी आता ओट्यावर सगळ्यात वेगात आहे, असं काहीतरी. साडेदहाला दाराच्या फटीतून टपाल आत पडलं. नोरीनने कप खाली ठेवला. उठली नाही. तिची बहीण उठली, पॅसेजमध्ये गेली, वाकली, आणि तिथूनच म्हणाली, “पिझ्झावाल्याचा कागद आहे.”

नोरीनने कप पुन्हा उचलला, उजव्या हाताने.

“हं,” ती म्हणाली, “काय सांगत होतास त्या पोरीचं?”